खालच्या खणातल्या गोळ्या

मित्रांनो, मोशीतल्या एका औषधाच्या दुकानातला मी जुना लाकडी खण आहे. दुकान करीमभाईंचं. आजूबाजूला अजून शेतं होती, तेव्हा गावातल्या सुताराने मला बनवलं आणि काउंटरखाली अगदी तळाशी बसवलं. आता शेतांच्या जागी उंच इमारती आहेत. दुकानात काचेची कपाटं आली, बिलं कॉम्प्युटरवर निघू लागली. मी मात्र तिथेच आहे, थोडा अडकत उघडणारा.

तापाची, खोकल्याची औषधं वर, हाताशी असतात. क्वचित कुणाला लागणारी माझ्यात. असा माल बरेच दुकानदार ठेवत नाहीत, कारण तो पडून राहतो आणि मुदत संपली की फेकावा लागतो. करीमभाई ठेवायचे. चार दुकानं फिरून थकलेल्या माणसाला ते म्हणायचे, "थांबा, खालच्या खणात बघतो." त्या वाक्याचा मला फार अभिमान होता.

मग करीमभाईंच्या पत्नी झुलेखाभाभी आजारी पडल्या. सकाळी त्या ठीक असायच्या, पण दुपार झाली की पापण्या आपोआप मिटू लागायच्या. एकाच्या दोन वस्तू दिसायच्या. चहा कपाऐवजी ओट्यावर ओतला जायचा. डॉक्टरांनी सांगितलं, की आजारांपासून आपलं रक्षण करणारी शरीराची यंत्रणाच चुकून डोळ्यांच्या स्नायूंवर उलटली आहे. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या माझ्यात येऊन राहिल्या आणि भाभींचे डोळे उघडे राहू लागले.

ज्योतीरामलाही हाच आजार होता. तो परभणीकडचा. चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट, म्हणजे जड माल उचलून ठेवणारी गाडी चालवायचा. शिफ्टवरून येताना तो दर महिन्याला गोळ्या घेऊन जायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्या गोळ्या बाजारात येईनाशा झाल्या. घेणारे थोडे, म्हणून बनवणारेही थोडे. एका ठिकाणी काम अडलं की सगळीकडे टंचाई. माझ्यात एकच खोका उरला. करीमभाईंनी तो बँडेजच्या गठ्ठ्यामागे सरकवला. ज्योतीराम आला, तेव्हा ते म्हणाले, "संपल्या." खाली वाकलेही नाहीत.

गोळ्या माझ्या पोटात होत्या. खण आपणहून उघडत नाही, हे मला कळतं. तरी त्या दिवशी मला चोरी लपवल्यासारखं वाटलं.

ज्योतीराम चिंचवडला गेला, सांगवीला गेला, आणि रिकाम्या हाताने परत आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. गाडीसमोर एक माणूस असला तर दोन दिसतात, खरा कोणता कळत नाही, असं त्याने स्वतःच साहेबांना सांगितलं होतं. त्यांनी त्याला गाडीवरून उतरवून पॅकिंगला बसवलं. ओव्हरटाइम बंद झाला. हे सगळं त्याने तक्रार न करता सांगितलं. करीमभाई माल न पाठवणाऱ्यांना दोष देत राहिले. तो गेल्यावर बराच वेळ ते एकच कपाट पुसत होते.

एका दुपारी ज्योतीराम पुन्हा येऊन बाकावर बसला. तेवढ्यात भाभी डबा घेऊन आल्या. हा माणूस मान मागे टाकून, पापण्यांखालच्या फटीतून बघतोय, हे त्यांनी पाहिलं. त्याही तसंच बघत असत.

"भाऊ, दोन दिसतात का?" त्यांनी विचारलं.

तो हो म्हणाला. गोळ्या कुठंच मिळत नाहीत, इथं बी संपल्यात, असंही त्याने सांगितलं. भाभींनी करीमभाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर कॉम्प्युटरकडे वळवली. भाभींनी खाली बसून मला ओढलं, गठ्ठा बाजूला केला आणि खोका काउंटरवर ठेवला.

"या कुणाच्या?"

"तुझ्या," करीमभाई हळूच म्हणाले.

"माझ्या ना? मग निम्म्या मी यांना देते."

ज्योतीरामने पाकिटं लगेच उचलली नाहीत. तो म्हणाला, "करीमभाई, माझ्या बायकोला हे दुखणं असतं, तर मीबी तिच्यासाठी ठेवल्या असत्या. पण मी इतक्यांदा तुमच्या दारात आलो. दुसरीकडं कुठं मिळतील का, एवढं तरी कुणाला विचारायचं होतं."

मग त्याने पाकिटं खिशात घातली. तो गेल्यावर करीमभाईंनी फोन उचलला. जेवणाचा डबा तसाच राहिला. पुणे, नगर, सोलापूर. ओळखीच्या, बिनओळखीच्या दुकानदारांना ते विनवत राहिले. दिवेलागणीला सोलापूरच्या एका दुकानात गोळ्या सापडल्या. दुसऱ्या दिवशी त्या बसने आल्या, दोघांनाही पुरतील एवढ्या. करीमभाई खोका हातात धरून बसून राहिले. "एका दुपारचं काम होतं," ते भाभींना म्हणाले. भाभींनी त्यांची समजूत घातली नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाची सोय झाली, की दारात उभ्या असलेल्या दुसऱ्याचं दुखणं ऐकू येईनासं होतं. तेवढं होऊ देऊ नका. ज्याचा आजार दुर्मीळ, त्याला विचारायला दुकानंही मोजकीच असतात. त्याला 'नाही' म्हणण्याआधी त्याच्यासाठी थोडं शोधा.

ज्योतीराम आता पुन्हा गाडी चालवतो. तो अजून आमच्याकडेच येतो, कारण जवळपास दुसरं कुणी त्या गोळ्या ठेवत नाही. करीमभाई त्याला बघताच "आहेत" म्हणतात. तो रागावत नाही. फक्त म्हणतो, "आधी उघडून दाखवा."

करीमभाई मान खाली घालून वाकतात, आणि मला उघडतात.