फोटोभोवतीची सावली

बाबांनी फोटो स्टुडिओ बंद केला आणि घरात बसून त्यांचा जीव रमेना. तेव्हा त्यांच्या मुलीने, टिकलीने, मनावर घेतलं की त्यांच्या निवडक फोटोंचं एक वेब पेज करायचं. तिचं कामच ते. दुसऱ्या शहरात एका कंपनीत ती लोकांच्या वेबसाइट सजवायची. लहानपणी एवढीशी होती म्हणून टिकली. आता केस पिकायला लागले तरी नाव तेच.

गिऱ्हाईक म्हणून बाबा भलतेच कटकटे निघाले.

"फोटो नुसते चिकटवल्यासारखे दिसतात," ते फोनवर म्हणाले. "उजवीकडे आणि खाली बारीकशी सावली टाक. मऊ. फोटो कागदावरून जरा उचलला गेला पाहिजे."

"एका ओळीचं काम आहे, बाबा."

तिने ते लगेच केलं. लॅपटॉपवर, फोनवर, वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये उघडून बघितलं. सगळीकडे सावली अलगद पडली होती. संध्याकाळी बाबांचा फोन आलाच. "कुठाय तुझी सावली?"

टिकलीला नवल वाटलं नाही. बाबांचा कम्प्युटर म्हातारा, त्यातला ब्राउझर त्याहून म्हातारा. सावलीची नवी आज्ञा त्याला कळतच नसणार. असल्या ब्राउझरला तीच गोष्ट त्याच्या भाषेत वेगळी समजवावी लागते; फारच हट्टी असला तर फोटोखाली सावलीचं तयार चित्र सरकवायचं. तिने दोन्ही केलं.

"नाही गं. सपाटच आहे."

तिने सावली गडद केली. तरी नाही. आणखी गडद केली. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण डोकावून म्हणाली, "काजळी धरलीय का गं फोटोंना?"

शेवटी सुट्टीच्या दिवशी ती घरीच गेली. बाबा कम्प्युटर लावून वाट बघत बसले होते. टिकलीने त्यांच्या खांद्यावरून हात घालून पेज उघडलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो बाबा, ही काय! आहे की."

सावली होती. त्या म्हाताऱ्या ब्राउझरमध्येसुद्धा होती.

"कुठे?" काचेला नाक लागेल इतके बाबा पुढे वाकले.

तिला वाटलं, पडद्याचा उजेड कमी असेल. तो वाढवला. मग सावली ठार काळी करून टाकली.

"हां, आली!" बाबा खूश झाले. "आता हळूहळू उतरव."

ती थोडी थोडी फिकट करत गेली. काळ्याची धड करडीही झाली नव्हती तोच बाबा म्हणाले, "गेली बघ पुन्हा. काहीतरी बिनसलंय तुझ्या त्या पेजात."

पडद्यावर सावली स्वच्छ दिसत होती. टिकलीचा हात माउसवरच थिजला. बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं.

"तुला दिसतेय?"

"हो."

"मघाशीही दिसत होती?"

"हो, बाबा."

"आईला विचार."

आई दारातच उभी होती. "दिसतेय हो," ती हळूच म्हणाली.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. पडद्याकडे मात्र बघितलं नाही. "म्हणजे कम्प्युटर बरा आहे," ते म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. दुखत नाही, खुपत नाही, फिकट छटा पुसत जातो आणि वर्षानुवर्षं पत्ता लागू देत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. थेंब घालून उरलेली जपायची. परतताना गाडीत आईच अखंड बोलत होती, शेजारणीच्या गुडघ्याबद्दल, गळक्या नळाबद्दल, सुचेल त्याबद्दल.

घरी आल्यावर बाबांनी टिकलीला जवळ बसवलं. "स्टुडिओतले शेवटचे फोटो आहेत ना तुझ्याकडे? ते नीट बघ आणि सांग. माझी भीड धरू नकोस."

तिने ते आधी वरवर चाळले होते. आता एकेक मोठा करून बघितला. जुन्या फोटोंत हनुवटीखाली सावली अशी उतरायची की माणूस आता बोलेल असं वाटावं. शेवटच्या फोटोंत ती सावली गालावर चढली होती, डोळ्यांत उतरली होती. स्वतःला दिसेपर्यंत बाबा ती वाढवत गेले होते.

"बोल ना."

"चेहरे काळवंडलेत, बाबा. काहींचे अर्धे तर दिसतच नाहीत."

बाबांनी मान हलवली. "आणि मी मोबाइलला शिव्या घालत बसलो. म्हटलं, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा, आता आपल्याकडे कोण कशाला येईल." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "कुणी तोंडावर बोललं नाही गं. चांगली माणसं होती. गपचूप फोटो घेऊन गेली."

टिकलीने त्यांचा हात धरला.

"ते फोटो पेजावर नकोत," बाबा म्हणाले. "आणि सावली मला दिसेल तशी नको. असायला हवी तशी ठेव."

तिने तशी ठेवली.

पेज सुरू झालं आणि जुनी गिऱ्हाइकं त्याखाली आठवणी लिहायला लागली. आई दुपारी वाचून दाखवायची. बाबा पडल्या पडल्या सांगायचे, "ती होय! फार लाजायची. तिला हसवताना माझाच घाम निघाला होता." काही महिने असे बरे गेले.

मग एका बाईने लिहिलं, आणि आईने पुढचं न बघता मोठ्याने वाचलं. 'वडिलांचा शेवटचा फोटो तुमच्याच स्टुडिओत काढला. तो इथे दिसला नाही. त्यात त्यांचे डोळे दिसत नाहीत, पण आमच्याकडे तेवढा एकच आहे.'

आई थांबली.

बाबा भिंतीकडे कुशीवर वळले.

"पुढचं वाचू?" आईने विचारलं.

"राहू दे."

त्यानंतर त्यांनी त्या पेजाचं नाव काढलं नाही. आईही वाचेनाशी झाली. लोकांना उत्तरं टिकलीच लिहायची, बाबांच्या वतीने. त्या बाईला उत्तर लिहिणं मात्र तिला कधी जमलं नाही.