डेरेकसाहेबांचं झकास पान

आमच्या गावच्या वेबसाइटचं उद्घाटन डेरेकने केक कापून केलं. केक बरा होता, बाकी सगळा आनंदच. हा कॅनडाच्या दक्षिणेतून आमच्या या आर्क्टिक गावात आलेला व्यवस्थापक. दीड वर्षात आमच्या इनुक्टिटुट भाषेच्या लिपीतलं एक अक्षर त्याला ओळखता येईना, पण ती पडद्यावर कशी दिसावी हे मात्र त्यालाच कळतं!

भाषांतरं मी, आलासी, करते, म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं, "अरे, जुन्या टॅब्लेटवर आमच्या अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतायत. पानाबरोबर फाँट पाठव. कोडमध्ये चार ओळींचं काम आहे."

"आलासी, माझ्याकडे तर झकास दिसतंय."

"तुझ्या मशीनवर फाँट आहे म्हणून!"

"फाँट घातला की पान जड होतं गं. पुढच्या टप्प्यात बघू."

त्याच पानावर त्याचा हसरा फोटो होता, हा एवढा मोठा. त्याने काही जड होत नव्हतं.

मग आमच्या गावच्या जुन्या शिकाऱ्याने, तायाराने, वॉलरस मारला. वॉलरसची जीभ प्रयोगशाळेत तपासायला जाते आणि निकाल रेडिओवर येईपर्यंत मांसाला कुणी हात लावत नाही. या वेळी जंत निघाले. 'कच्चं खाऊ नका' असं मी लिहून दिलं. "पानावर टाकतो, रेडिओलाही देतो," डेरेक म्हणाला. मी विश्वास ठेवला. माझीही अक्कल चरायला गेली होती.

सोमवारी तायाराकडे गेले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण मला त्याच्या आजीचं नाव ठेवलंय म्हणून आमच्या रीतीने मी त्याची आजी. जमिनीवर पुठ्ठा पसरलेला, त्यावर कच्चं मांस, निम्मं संपलेलं.

"ये आजी, बस. खा."

"नातवा, खायला कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या त्या पानानेच. रेडिओवर काही आलं नाही, म्हणून तेच बघितलं. मी काय आंधळा आहे?" त्याने टॅब्लेट पुढे केला. चौकोनांच्या रांगाच रांगा. "तपासणीच्या कागदावर असतात तसेच. जंत सापडला की चौकोनात फुली मारतात. इथे सगळे रिकामे. पाच घरी वाटे पाठवले मी."

मी तिथल्या तिथे उठले. नर्सला फोन केला आणि धावत रेडिओ केंद्र गाठून सांगितलं, की पानावर 'कच्चं खाऊ नका' असं लिहिलं होतं. अजून कुणाला ताप नव्हता. नर्सने सगळ्यांना गोळ्या सुरू केल्या.

डेरेकही केंद्रावर आला. "पण माझ्याकडे तर—"

"गप रे! तुझ्याकडचं कोण वाचतंय?"

तेवढ्यात तायारा आत आला. अर्ध्या गावाने त्याच्या मांडीवर बसून अक्षरं गिरवलीत. त्याने माइक ओढून घेतला आणि आमच्या भाषेत बोलू लागला.

"मी तायारा बोलतोय. पानावर लिहिलेलं होतं, मलाच वाचता आलं नाही. म्हातारा झालो. यापुढे माझ्या वाचण्यावर कुणी विसंबू नका."

मी नाही नाही म्हणत त्याचा हात धरला, तो त्याने सोडवून घेतला. डेरेकला यातलं अक्षर कळलं नाही. त्याने तायाराकडे बघून हसत अंगठा वर केला.