चार बोटं उंच

मास्तरांनी गोल बटण फिरवलं, वरच्या चौकटीत नवा आकडा आणला आणि त्या आकड्याखाली बोट टेकवून ते थांबले. ही रीतच होती. विमान खाली आणताना कुठल्या उंचीवर थांबायचं तो आकडा एकाने लावायचा आणि बोट तसंच ठेवायचं. दुसऱ्याने तो डोळ्यांनी वाचून ‘बरोबर’ म्हटलं, की मगच बोट उचलायचं.

शेजारच्या खुर्चीतल्या सहवैमानिक मुलीने चौकटीकडे पाहिलं. क्षणभर तिचे ओठ विलग झाले.

“बरोबर, सर.”

बोट उठलं. विमान संथपणे उतरू लागलं आणि मास्तरांनी एक जुना किस्सा काढला. त्यांचं खरं नाव हजेरीपुरतं. बाकी सगळीकडे ते मास्तर. कुणाला काही शिकवल्याशिवाय त्यांना प्यायलेलं पाणी पचत नसे. निवृत्तीला एक महिना उरला होता. नावावर एकही चूक नसलेल्या आपल्या कोऱ्या पाटीचा डांगोरा ते पिटत नसत, समोरच्याने आपणहून विचारावं एवढी सोय मात्र करून ठेवत.

किस्सा रंगात आला तोच कानात नियंत्रकाचा आवाज शिरला.

“तुमची उंची सांगा. अकरा हजारांवर थांबायचं होतं. ताबडतोब वर या.”

चौकटीत नऊ हजार फूट होते. इतकी वर्षं या वळणावर नऊ हजारच मिळत आले होते. कानाने अकरा ऐकले, हाताने सवयीचे नऊ लावले. मास्तरांनी विमान वर घेतलं. खालून दुसरं एक विमान आडवं गेलं, पुरेसं लांबून, खेळण्याएवढं दिसत. मागे कुणाच्या कपातला चहाही हिंदकळला नाही. ‘उतरल्यावर नियंत्रण कक्षाला फोन करा,’ एवढंच नियंत्रक म्हणाला. वैमानिकाच्या कानाला हे वाक्य म्हणजे हेडमास्तरांचं बोलावणं.

विमान रिकामं झालं तरी मास्तर जागचे हलले नाहीत.

“तू बरोबर म्हणालीस,” ते म्हणाले.

“हो, सर.”

मास्तरांच्या आवाजात राग नव्हता, अंदाज होता. अर्धी चूक शेजारच्या खात्यावर ढकलता येते का, हे माणूस आधी पाहतोच, आणि इथे तर खातं उघडंच होतं. मुलीची कॅप्टनपदाची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. तिला तो अंदाज बरोबर कळला असावा. ती पट्ट्याचं बक्कल उघडझाक करत राहिली.

“आकडा पाहिला नव्हतास?”

“पाहिला होता.”

“नऊ?”

“नऊ.”

“मग तोंडाला काय कुलूप लावलं होतंस?”

“सकाळी उघडलं होतं, सर.”

सकाळी निघण्यापूर्वी तिने इंधनाबद्दल एक शंका काढली होती. त्यावर मास्तर म्हणाले होते, “बाईसाहेब, मी विमान उडवायला लागलो तेव्हा तुझ्या आईबाबांची ओळखही झाली नव्हती!” चहा घेऊन आलेली हवाईसुंदरी खळखळून हसली होती. विनोद जमल्याचा आनंद मास्तरांना दुपारपर्यंत पुरला होता. शिवाय शंका फोल निघाली होती.

“सकाळी तुमचंच खरं निघालं,” मुलगी म्हणाली. “वाटलं, आताही तुम्हाला काहीतरी माहीत असेल. नियंत्रकाला पुन्हा विचारणारच होते. तेवढ्यात तुम्ही किस्सा सुरू केलात.”

मास्तरांना तिचं ते ‘बरोबर, सर’ पुन्हा ऐकू आलं. उतरता सूर, आतून दार लोटून घेतल्यासारखा. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. घरातला होता. स्वयंपाकघरात नवा ओटा बांधला तेव्हा मापं त्यांनीच दिली होती. बायको काहीतरी म्हणायला लागली, तेव्हा त्यांनी गवंड्यादेखत तिला उंचीचं शास्त्र समजावलं. “बरोबर आहे तुमचं,” म्हणून तिने विषय मिटवला. तेव्हापासून ती पायाखाली लाकडी फळी घेऊन स्वयंपाक करत होती. फळी त्यांना रोज दिसे. बायको बुटकी आहे, एवढाच अर्थ त्यांनी काढला होता.

त्यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला. मुलगी टोपी हातात घेऊन उभी होती.

“हो, आकडा मीच लावला,” मास्तर म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तिने पाहिला होता. पण तिला बोलायला मी जागाच ठेवली नव्हती. हो, तसंच लिहा. मस्करी करत नाही मी.”

फोन ठेवल्यावर मुलगी हळूच म्हणाली, “सर, एकच महिना उरला होता हो तुमचा.”

“पाटी कोरी राहिली असती, असंच ना?” मास्तर उठता उठता पुन्हा बसले. “कोरी कसली, पोरी. लिहिणारेच गप्प बसत होते.”

ती बॅग घेऊन गेली. मास्तरांनी पुन्हा फोन लावला, या वेळी घरी. पलीकडे भांड्यांवर नळ वाहत होता.

“उतरलात?” बायकोने विचारलं.

“उतरलो. ओटा बांधताना तू काय म्हणत होतीस?”

“काय?”

“त्याच्या उंचीचं.”

नळ बंद झाला.

“बरं आहे ना तुम्हाला?”

“बरा आहे. सांग.”

“आता काय त्याचं? बरोबर होतं तुमचं.”

“नव्हतं. सांग तू.”

मग फळी करकरली. ती खाली उतरली असावी.

“चार बोटं उंच झालाय,” ती म्हणाली.

मास्तरांनी रिकाम्या चौकटीखाली बोट टेकवलं होतं.

“चार बोटं उंच,” त्यांनी परत म्हणून दाखवलं, आणि ती ‘बरोबर’ म्हणेपर्यंत ते थांबून राहिले.