घोड्याखालचं रिकामं घर

मित्रांनो, मी जुनी रिव्हॉल्व्हर आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. परदेशात माझं पोलाद घडलं, एका साहेबाच्या कमरेला लटकत मी कोल्हापुरात आले आणि शेवटी गणपतरावांच्या कपाटात स्थिरावले. त्यांना हत्यारं जमवायचा भारी नाद. परवाने मात्र चोख.

१९७२ साली त्यांनी माझी सवत आणली. काळी, तुकतुकीत, नवी रिव्हॉल्व्हर. गणपतराव आम्हा दोघींना शेजारी ठेवून तासन् तास बघत बसायचे आणि येईल त्या गावकऱ्याला आमच्यातला फरक सांगायचे. मी कमरेत मोडते, म्हणजे बिजागरीवर उघडते, आणि सहाही रिकामी काडतुसं एका झटक्यात बाहेर फेकते. ती मोडत नाही. तिची काडतुसांची चक्री बाजूला निघते, म्हणून तिचा सांगाडा एकसंध. माझी बिजागरी ढिली होते, तिला बिजागरीच नाही. एवढं मला कबूल करावं लागतं.

पण खरा फरक पोटात आहे. चाप ओढल्याशिवाय तिचा घोडा, म्हणजे मागची हातोडी, काडतुसाला शिवत नाही. मधे लोखंडी पट्टी आड येते. माझा घोडा थेट काडतुसावर टेकतो. त्याला दणका बसला की संपलं. बंदुका दुरुस्त करणाऱ्या बादशहा मिस्त्रींनी बजावलं होतं, "हिच्या घोड्याखालचं घर रिकामं ठिवायचं. पाचच भरायची." गणपतरावांनी ते कधी मोडलं नाही.

खंडेनवमीला आमची पूजा व्हायची. शस्त्र रिकामं पुजायचं नाही, हा त्या घराचा हट्ट. एका वर्षी गणपतराव आजारी, आतल्या खोलीत पडून. तयारी त्यांचा मुलगा कृष्णात यानं केली. त्याला सवतीची सवय. तिच्यात सहा भरली, माझ्यातही सहा.

आरती झाली. पेठ वडगावचे पाहुणे जोतीराम यांनी विचारलं, नव्या-जुन्यात फरक तो काय? कृष्णातला फुशारकी सुचली. त्यानं सवतीला गुडघ्याएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडलं. घोडा आपटला. काही झालं नाही. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

"आणि ही म्हातारी?"

"ती बी तसलीच की. बघा."

त्यानं मला उचललं. घोडा खाली, नळी वर, आणि वाकलेल्या कृष्णातचा गळा नळीच्या बरोबर समोर. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. माझं तोंड एकदाच बोलतं.

"कृष्णात, थांब."

बाळाबाई, त्याची आई, कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. शाळा दुसरीपर्यंत. पण वर्षानुवर्षं माझ्या चक्रीला कुंकू तिनंच लावलं होतं. मागच्या फटीतून काडतुसांच्या पितळी कडा दिसतात. घोड्याखाली नेहमी काळोख असायचा. आज तिथंही पिवळं चमकत होतं.

"आई, पावण्यांसमोर काय हे..."

"पावणं तुझं मढं उचलाय बसल्यात व्हय? दे हिकडं."

पूजेआधी आम्हाला चोळलेल्या तेलानं त्याची बोटं निसरडी झाली होती. मी बोटभर घसरले. बाळाबाईनं ताट टाकलं आणि दोन्ही हातांनी मला खालून धरलं. मग मला मोडलं. काडतुसं झेंडूच्या फुलांत पडली.

"मोज," ती म्हणाली.

सहावर आल्यावर कृष्णातनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. ती पाहुण्यांकडे वळली. पुढच्या वर्षापासून आम्हा दोघींची पूजा रिकामीच होणार. देवाला राग आला तर तिचं ती बघून घेईल, असं तिनं सांगितलं.

संध्याकाळी गणपतरावांनी लेकाला उशाशी बोलावलं. "गावाला सांगत बसलो," ते म्हणाले, "तुलाच सांगायचं ऱ्हायलं." आणि मला त्याच्या हातात देऊन बिजागरीपासून सगळं सांगायला बसले.

मित्रांनो, जुन्या वस्तूला तेल लावता, पुसता, पाहुण्यांपुढे मिरवता. ती निम्मीच काळजी. तुमच्या घरात असं काही असेल, तर आधी त्याची वाईट खोड विचारून घ्या. सांगणारं माणूस आहे तोवर.