सोबत जोडायचं प्रकरण

“काकूंनी वाचलं तर?” बूट घालता घालता नवऱ्याने विचारलं. “मग पोराला कोण सांभाळणार? परीक्षक?”

“काकू वाचतात कुठे,” ती म्हणाली. “औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा मलाच वाचायला लावतात.”

नवरा हसला. अख्ख्या कादंबरीतलं त्याने तेवढं एकच प्रकरण वाचलं होतं आणि ‘हुबेहूब उतरल्यात’ म्हणून मांडीवर थाप मारली होती. बाकीची सवडीने वाचणार होता. सवड त्याला फक्त मॅच बघायला मिळायची.

स्पर्धा एका प्रकाशनाची होती. अप्रकाशित कादंबरी पाठवायची, सोबत एक प्रकरण वेगळं जोडायचं. परीक्षक आधी तेवढंच वाचणार आणि आवडलेली प्रकरणं मासिकात छापणार. जाहिरातीत ‘नव्या प्रतिभेच्या शोधात’ असं लिहिलेलं, खाली परीक्षकांचे फोटो. सगळ्यांनी गालाला हात लावलेला, दाढ ठणकत असल्यासारखा. असल्यांच्या पसंतीसाठी आपण झुरतोय याची तिला लाज वाटत होती, पण झुरणं काही थांबत नव्हतं. मुदत आज संध्याकाळपर्यंत होती.

प्रकरण कुठलं, हा प्रश्नच नव्हता. कादंबरीभर नायिका खिडकीशी उभी राहून विचार करायची. जिवंत होती ती एकटी शेजारीण.

दुपारी ती मूल घेऊन समोरच्या दारात गेली. रोजच जायची. काकू त्याला झोपवायच्या, तेवढ्यात ती लिहून घ्यायची. काकू पैसे घेत नसत. मलाच करमत नाही, म्हणत. उपकार करणारं माणूस रोज इतक्या जवळून दिसलं की आधी त्याची कीव येते, मग कंटाळा, आणि मग ते डोक्यातच जातं. काकू तोंडात घास असताना बोलायच्या, टीव्हीतल्या सुनांना सल्ले द्यायच्या आणि जिन्यात भेटेल त्याला अडवून आज लेकाचा फोन आला होता हे ऐकवायच्या.

“आज पाठवणार म्हणे,” मूल खांद्यावर घेत काकू म्हणाल्या. “सकाळी नवरा सांगत होता तुझा. आणि मला एक अक्षर ऐकवलं नाहीस. याचं ढुंगण मी धुवायचं आणि तू लिहायचं. वाच की काहीतरी. हसण्यासारखं असेल ते वाच.”

हसण्यासारखं एकच होतं. ती क्षणभर घुटमळली. पण कादंबरीतली बाई उंच होती, तिने मांजर पाळलेलं होतं आणि तिला मुलाऐवजी मुलगी होती. यांना काय डोंबल कळणार, असं मनाशी म्हणत तिने मोबाइलवर प्रकरण उघडलं.

काकू हसल्या. मूल उठू नये म्हणून तोंडावर हात दाबून, गदगदा हलत हसल्या. “अगदी माझी जाऊ. ती पण टीव्हीशी भांडते. वाच, पुढे वाच.”

तिथेच थांबायला हवं होतं. पण तिचं लिखाण ऐकून असं मनापासून हसणारं हे पहिलंच माणूस होतं, आणि तिला स्वतःचाच आवाज गोड लागायला लागला होता. ती वाचत गेली. बाई फोन कानाला लावून बोलते. जेवलीस का, तब्येतीला जप, मी मजेत आहे. फोन बंद असतो, कधीचाच. पलीकडे कोणी नसतं. मांजर तेवढं कान टवकारून ऐकतं.

हे तिने मनाने रचलेलं नव्हतं. एकदा मूल न्यायला लवकर आली, तेव्हा उघड्या दारातून काकूंना तसं बोलताना पाहिलं होतं आणि घरी धावत जाऊन लिहून काढलं होतं.

काकूंचा थोपटणारा हात थांबला नाही. “संपलं?”

“हो.”

“पुढे काय होतं तिचं?”

“पुढे ती येत नाही.”

“असं होय.” काकूंनी मुलाची मान सरळ केली. “मग फोनवर बोलायला द्यायचं होतंस की कोणीतरी. कादंबरीच ना ती? तुझ्याच तर हातात होतं.”

घरी येऊन तिने मुलीचा आवाज लिहून पाहिला. ‘हॅलो आई, कशी आहेस गं?’ वाचून तिला शिसारी आली. मग ते प्रकरणच वगळून तिने बाकीची कादंबरी चाळली. नायिका खिडकीशी उभी. असली बाई शेजारी राहायला आली असती तर आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, आणि मूल तर मुळीच ठेवलं नसतं, असं तिला वाटलं.

दिवेलागणीला तिने प्रकरण होतं तसं जोडलं आणि पाठवून दिलं. ‘आपली प्रवेशिका मिळाली’ असं उत्तर लगेच आलं. ते कुणा माणसाने लिहिलेलं नव्हतं, हे पहिल्या ओळीतच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मूल घेऊन गेली, काय बोलायचं ते मनाशी जुळवत. एरवी काकूंचं दार उघडंच असे आणि आतूनच ‘ये गं’ ऐकू येई. आज दार लावलेलं होतं. तिने बेल वाजवली. काकूंनी दार उघडून मुलाला घेतलं. त्याने लगेच त्यांच्या मानेत तोंड खुपसलं.

“दूध पिऊन आलाय?”

“हो. काकू, काल मी...”

“उठला की मीच आणून सोडेन,” काकू म्हणाल्या. “तुम्ही यायची तसदी घेऊ नका.”

आणि मुलाचं डोकं चौकटीला लागू नये म्हणून एक हात मध्ये धरून, कोपराने त्यांनी दार लोटलं. आवाज अजिबात झाला नाही.