अवघड स्टेशन

आमच्या ह्यांना रेडिओचा नाद आहे. गाणी ऐकायचा असता तर चाललं असतं, पण ह्यांना ऐकायची असते खरखर. शॉर्टवेव्हवर लांबच्या मुलखातलं एखादं मरतुकडं स्टेशन शोधायचं, त्याचं नाव कसंबसं कानावर पडलं की तिकडे कळवायचं. मग तिथून पोच म्हणून एक कार्ड येतं आणि स्वारी आठवडाभर हवेत. चांगल्या लागणाऱ्या स्टेशनला ह्यांच्यासारख्याच नादिष्टांच्या मंडळात कुत्रं विचारत नाही.

यंदाच्या सुट्टीत ह्यांना कार्ड आलेलं असंच एक स्टेशन प्रत्यक्ष पाहायचं ठरलं. आगगाडी झाली, मग हाडं खिळखिळी करणारी बस. उतरलो तर माळावर चार मनोरे आणि एक बैठी इमारत. येणार म्हणून ह्यांनी आधीच कळवलं होतं, त्यामुळे दारात स्टेशनची निवेदिका वाट बघत उभी होती.

"ताई, देवासारखे आलात," तिने माझा हातच धरला. "मुख्य कार्यालयातून साहेब आलेत. म्हणतात, शॉर्टवेव्ह कुणी ऐकत नाही, बंद करून टाका. आम्ही सगळे घरी बसणार. दादांनी साहेबांना एवढंच सांगायचं, की आमचं स्टेशन तुमच्याकडे पोचतं."

मी ह्यांना बाजूला घेऊन बजावलं, "अहो, तोंडभरून कौतुक करा. हातचं राखू नका."

ह्यांनी राखलं नाही.

"साहेब, तुमच्या स्टेशनला तोड नाही! कित्येक महिने कान लावून बसलो, तेव्हा कुठे एकदा नाव ऐकू आलं. तेही अर्धंच. इतकं अवघड स्टेशन मी दुसरं पाहिलं नाही. आमच्या मंडळात तर कुणालाच लागलेलं नाही!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. साहेबांनी चष्मा काढला. "कुणालाच नाही?"

"एकालाही नाही!" हे छाती फुगवून म्हणाले.

निवेदिका चहाचा ट्रे धरून तशीच उभी राहिली. मी घाईघाईने म्हणाले, "आमचा रेडिओच जुनाट आहे हो साहेब."

"जुनाट?" हे माझ्यावरच उखडले. "असा सेट अख्ख्या शहरात कुणाकडे नाही!"

साहेबांनी उठून ह्यांच्याशी हात मिळवला. "माझं काम सोपं केलंत," ते म्हणाले. ह्यांना तेही कौतुकच वाटलं.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "त्या बाईची नोकरी घालवलीत तुम्ही."

"मी? मी तर स्तुती केली!"

पालथ्या घड्यावर पाणी. मला इतका संताप आला, की पुढच्या सगळ्या रस्त्यात मी बोलले नाही. ते ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

महिन्याभरात स्टेशन बंद पडलं, आणि मंडळाने ह्यांचा सत्कार ठेवला. आता ते कुणालाच लागणार नाही, म्हणजे ह्यांचं कार्ड एकमेव! हार झाला, टाळ्या झाल्या.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "वहिनी, अभिमान वाटत असेल ना?"

"त्या निवेदिकेलाही बोलवायचं होतं," मी म्हणाले. "ती हल्ली घरीच असते."

"वा, छान सुचलं!" अध्यक्ष म्हणाले. मग बंद पडायच्या बेतात असलेलं आणखी कुठलं स्टेशन आहे, यावर चर्चा सुरू झाली. सगळ्यांचं एकमत झालं, की तिकडेही ह्यांनाच पाठवायचं.