जाईन नव्हे, जाणार आहे

मित्रांनो, माझा एक कोपरा उडाला आहे, अंगभर ओरखडे आहेत, तरी मी फळाच आहे. मला ज्यांनी मोडीत काढले त्यांनीही हे ऐकावे.

नवापूरच्या सुताराने मला सागवानात घडवले. म्हसावदच्या शाळेत मी पाढे, कविता, नकाशे अंगावर वागवले. याच्यावर अक्षर छान उमटते, असे मुले म्हणायची. मग भिंतीवर मोठा पडदा आला आणि मी सायकलींमागे धूळ खात पडलो. निवृत्त होताना निर्मला मॅडमनी मला मागून घेतले आणि ब्राह्मणपुरीला आपल्या ओसरीत टांगले.

तिथे नूतन यायची. शेतीची पदवी घेतलेली; केळीच्या रोगांवर पुढे शिकायला तिला फ्रान्समध्ये जागा मिळाली होती. मॅडम पुण्यात फ्रेंच शिकल्या होत्या, त्या तिला ती शिकवायच्या. एकदा त्यांनी भविष्यकाळ घेतला. 'झ पार्तिरे' म्हणजे मी जाईन. लांबच्या गोष्टीला, वचनाला हे रूप. पण बेत पक्का असेल, तयारी चालू असेल, तर फ्रेंच माणसे 'जाणे' हेच क्रियापद मदतीला घेतात: 'झ वे पार्तिर', मी जाणार आहे.

नूतनने 'झ पार्तिरे' माझ्यावर लिहिले, तोच तिचे काका चुनीलाल आले. तिचे वडील वारल्यापासून घरात त्यांचाच शब्द चाले. त्यांनी अर्थ विचारला आणि रुमालाने वाक्य पुसून टाकले.

"आपली केळी सोडीसन तठे कसाले जास?" इथली केळी सोडून तिकडे कशाला, हा त्यांचा सवाल.

नूतनने खडू उचलला. तिने 'झ वे पार्तिर' लिहिले, इतके दाबून की खडू मोडला.

"काका, मी जाणारच शे. पुसशात ते परत लिखसू."

काकांनी पुसले. तिने पुन्हा लिहिले. पुन्हा रुमाल वर गेला, पण तसाच थांबला. त्यांनी तो झटकून खिशात ठेवला. निघताना त्यांनी मॅडमना एवढेच विचारले, तिकडे थंडी फार असते का.

नंदुरबार स्टेशनवर तिला सोडायला काकाच गेले.

आता ओसरीत गावातल्या आणखी मुली येतात. मित्रांनो, वर्षातून एकदा मला काळा रंग द्या, ओल्या फडक्याने घासू नका. एवढे केलेत तर बरे. नाही केलेत तरी उद्या सकाळी माझ्यावर कुणीतरी लिहिणार आहे.